डोळ्यातला दोरा

१

देवळाली कॅम्पात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला तोफांचं काही वाटेनासं होतं. रेंजवर फायरिंग सुरू झालं की खिडक्यांची तावदानं थरथरतात, मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणतात, आणि घरातली बाई बोलता बोलता एक हात भांड्यांवर ठेवून पुढचं वाक्य पूर्ण करते. मीनाचंही तसंच झालं होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती प्रत्येक बाराला दचकायची. आता वर्गात फळ्यावर लिहिताना बार झाला तर पोरंच तिच्याकडे बघायची. ती वळूनही पाहत नसे.

सवय झाली नव्हती ती फक्त पेट्याला. पेट्या हा तिच्या मुलाचा, राजूचा कुत्रा. राजू पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होता. तिथल्या रिकाम्या पेट्यांच्या थप्पीत त्याला हे पिल्लू सापडलं, म्हणून ते पेट्या. माणसांना काही कळायच्या आत हा कान मागे पाडून पलंगाखाली शिरायचा. संध्याकाळी राजू आला की पलंगाखाली हात घालून म्हणायचा, "या साहेब, बाहेर या. युद्ध संपलं."

राजूला जाऊन वर्ष होत आलं होतं. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना, माल उतरवून परतणाऱ्या टेम्पोत तो पुढे बसला होता. हायवेवर समोरून ट्रेलर आला. ओळख पटवायला तिचा नवरा जयराम एकटा गेला. घरी आणलं ते बांधूनच आणलं, पायापासून डोक्यापर्यंत कोऱ्या पांढऱ्या कापडात. मीना म्हणाली, मला एकदा तोंड बघू द्या. ती गाठीला हात घालायला वाकली तेव्हा जयरामने तिची दोन्ही मनगटं धरून ठेवली. "नको," तो म्हणाला. एवढंच. जमलेल्या बायका रडल्या, भन्तेंनी गाथा म्हटल्या, आणि माती झाली. पोराचं तोंड तिने पाहिलं नाही. त्या गोष्टीवर नवराबायको पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि इतर गोष्टींवर बोलणंही हळूहळू कमी होत गेलं.

तर डिसेंबरातला एक रविवार. उन्हं कलली होती. मीना पुढच्या खोलीत चाचणीचे पेपर तपासत बसली होती. पेट्या तिच्या पायाशी झोपलेला. एकाएकी तो उठला, कान मागे पाडले आणि पोट जमिनीला घासत पलंगाखाली गेला. मीनाने नेहमीच्या सवयीने कपबशीवर हात ठेवला आणि बाराची वाट पाहिली.

बार झाला नाही.

भांडी घासायला आलेली ठमाबाई मोरीतून हात पुसत बाहेर आली. ती मूळची पेठ तालुक्याकडची. कामासाठी कॅम्पात आली आणि इथेच राहिली. "फायरिंग हाय का वं बाई?"

"रविवारी कुठलं फायरिंग?"

"मंग ह्याला काय धाड भरली?" ती वाकून पलंगाखाली बघत म्हणाली. "लय कापतोय. माझा दादला कापायचा तसा, दारू सुटल्यावर."

मीना हसली. हसताना उजव्या डोळ्याच्या कडेला तिला केस आल्यासारखं वाटलं. तिने बोटाने तो बाजूला सारला. केस नव्हता.

२

केस तिला रोज दिसू लागला. दिवसभर काही नसायचं. उन्हं गेली, पण दिवे लागायचे होते, अशा वेळी उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी बारीक वळवळायचं, नजरेच्या कडेने सरकायचं आणि नाहीसं व्हायचं. वयाची पंचेचाळिशी उलटली की डोळ्यापुढे असं काहीबाही तरंगतं, हे ती स्वतःच वर्गात शिकवत होती. तिने मनावर घेतलं नाही.

एका संध्याकाळी तो केस डोळ्यात आडवा आला, आणि त्याच्या पलीकडे, फाटकापाशी, तिला कोणीतरी उभं दिसलं.

घर तसं लहान. पुढची खोली, तिला लागून ओटा, ओट्यापासून फाटकापर्यंत फरशीची वाट, दोन्हीकडे जास्वंदीच्या कुंड्या. खिडकीतून फाटक समोर दिसे. तिथे एक माणूस रस्त्याकडे तोंड करून, घराकडे पाठ करून उभा होता. पोस्टमन असेल म्हणून ती उठली. उठताना पापणी लवली. फाटकापाशी कोणी नव्हतं.

त्या फाटकाचं एक होतं. घरातला नियमच होता तो: सर्वांत शेवटी जो येईल त्याने कडी लावायची. राजू कॉलेजात असल्यापासून शेवटी यायचा तो राजूच. कडी वाजली की मीना आतून म्हणायची, "आलास का?" आणि पेट्या घरात आल्यापासून तो आधी त्याला हाक मारायचा, मग आईला. नेहमी त्याच क्रमाने. "कुत्र्यानंतर का होईना, आठवण आहे माझी," ती कुरकुरायची.

राजू गेल्यापासून कडी कोणी लावली नव्हती. ठरवून नव्हे. जयराम संध्याकाळी ऑफिसातून येई आणि फाटक नुसतं लोटून घेई. मीना सकाळी ते लोटलेलंच बघे. कडी लावायची म्हणजे सगळे घरी आले असं म्हणण्यासारखं होतं. ते कोणी म्हणायचं?

खिडकीशी उभी राहून मीनाने स्वतःला समजावलं. तिच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक आपल्या हाताने नदीत सोडले होते. अंगात येणं, बाहेरचं लागणं, असले शब्द तिच्या माहेरी कोणी उच्चारत नसे. जे दिसतं त्याला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं. फाटकाचा खांब होता, अंधारून येत होतं, डोळ्यात केस होता. झालं.

पलंगाखाली पेट्या बारीक आवाजात कण्हत होता. त्याचं कारण तिने शोधलं नाही.

३

कारण सापडलं ते ठमाबाईमुळे. मीना तिला दुसऱ्या दिवशीचं काम सांगत होती. ठमाबाई ऐकता ऐकता पुढे आली, मीनाच्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि किंचाळली.

"अगं माय! बाई, डोळ्यात जित्राब हाय तुमच्या!"

"काय बोलतेस?"

"पांढरं हाय. चालतंय! आता गेलं, आता गेलं वर!" ती मागे सरली. मग भीती ओसरल्यावर म्हणाली, "आमच्याकडं एक म्हातारी हाय. जिभेनं काढती डोळ्यातलं काय बी. आणू का बोलावून?"

"जीभ नको," जयराम दारातून म्हणाला. तो नुकताच आला होता. "डॉक्टरकडे जाऊ."

कॉलेज रोडला एक नवी नेत्रतज्ज्ञ बसत होती, डॉक्टर स्नेहल. वयाने राजूपेक्षा फार मोठी नसेल. तिने मीनाची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिव्याचा झोत टाकला, आणि नजर न काढता बघत राहिली.

"हलू नका हं, मॅडम," ती मग म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता आणि तो तिला लपवता येत नव्हता. "सर, तुम्हाला बघायचंय?"

जयरामने यंत्राला डोळा लावला आणि लगेच काढून घेतला.

"जंत आहे," डॉक्टर म्हणाली. "कुत्र्याच्या अंगात राहणारा. घरी कुत्रा आहे ना? त्याला चावलेला डास तुम्हाला चावला असणार. माणसात फार क्वचित सापडतो. मी आजवर पुस्तकातच पाहिला होता. घाबरू नका, पसरत नाही. हा एकटाच असतो."

"एकटा का?" मीनाने विचारलं.

"कुत्र्यात त्याचं सगळं नीट चालतं. जोडीदार मिळतो, पिल्लं होतात. माणसात आला की काहीच होत नाही. चुकीच्या घरात शिरल्यासारखा नुसता भटकतो. कातडीखालून कुठे कुठे जातो, कधी डोळ्यात येतो. आपली जागा शोधत असतो म्हणा ना." हे बोलताना ती हातमोजे चढवत होती. पुन्हा झोत टाकला तेव्हा तिचा चेहरा पडला. "गेला. मागे सरकला. आता नाही सापडायचा."

"मग?"

"पांढऱ्या भागावर आला की धरायचा. भूल डोळ्यापुरती द्यायची, छोटीशी चीर, काम झालं. दिसला रे दिसला की या, कधीही या. पण उशीर नका करू. बुबुळाच्या आत शिरला तर डोळा राहील याची खात्री मी देणार नाही."

रिक्षात जयराम म्हणाला, "कुत्रा सोडून येऊ कुठेतरी. पेठच्या बाजूला ठमाबाईचे लोक आहेत, ठेवतील."

"पेट्या कुठेही जाणार नाही."

"मीना, त्याच्यामुळे—"

"त्याच्यामुळे काही झालेलं नाही. डासामुळे झालंय." ती बाहेर बघत राहिली. "राजूचं आता घरात आहे काय दुसरं? बाकी सगळं तुम्ही बांधून माळ्यावर टाकलंत."



४

जंत पुन्हा डोळ्यात आला तेव्हा मीना दवाखान्यात गेली नाही. "कधीही या" असं डॉक्टरने सांगितलं होतं आणि रिक्षा स्टँड हाकेवर होता. ती खिडकीशी बसून राहिली, कारण माणूस आता फाटकाच्या आत उभा होता.

घराकडे पाठच होती. मान किंचित खाली. खांदे तिने ओळखले. आईला ते ओळखायला वेळ लागत नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईने जे करावं ते तिने केलं. उजवा डोळा मिटला: वाट रिकामी, कुंड्या, फाटक. डावा मिटून उजवा उघडला: तो होता. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. म्हणजे जे होतं ते डोळ्यात होतं, बाहेर नव्हतं. जंताची सावली आत पडते, आणि वर्षभर एकच गोष्ट घोकणारं मन त्या सावलीला आकार देतं. तिला हायसं वाटलं. इतकं सोपं होतं ते.

मग पलंगाखाली पेट्या कण्हला, आणि ते सोपं राहिलं नाही. कुत्र्याच्या डोळ्यात तिच्या डोळ्यातली सावली पडत नव्हती. आणि तो रोज तिच्या आधी पलंगाखाली जात होता.

तरी ती उठली नाही. मनात एकच गोष्ट होती. त्या दिवशी तो फाटकापाशी होता, आज आत आहे. असाच येत राहिला तर कधीतरी वळेल. वळला की तोंड दिसेल. एकदा. मग काढा म्हणावं डॉक्टरला तो दोरा, पाहिजे तर डोळ्यासकट काढा.

सकाळी ती दूध घ्यायला बाहेर पडली आणि फाटकापाशी थांबली. कडी लावलेली होती.

ती तशीच परत आली. जयराम दाढी करत होता.

"फाटकाची कडी तुम्ही लावलीत?"

त्याचा हात थांबला. आरशातूनच त्याने तिच्याकडे पाहिलं. "मी? मला वाटलं तू लावलीस."

"मी कशाला लावेन?"

"मलाही नवल वाटलं. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा पाहिली. म्हटलं, लावली शेवटी मीनाने." त्याच्या आवाजात काहीतरी फुटल्यासारखं झालं. "मला बरं वाटलं नाही. पण म्हटलं, चला, तिने तरी मान्य केलं."

"मी नाही लावली, अहो."

"असू दे ना. लावलीस तर लावलीस. रडू नकोस."

"मी रडत नाहीये. तुम्ही माझ्यावर ढकलू नका. तुम्हालाच सगळं आवरून टाकायची घाई असते. कपडे आवरले, गाडी विकली, तोंडसुद्धा—"

"मीना."

"तोंडसुद्धा तुम्ही एकट्याने आवरून टाकलंत."

जयरामने वस्तरा धुतला, पुसला, अर्धी दाढी तशीच ठेवून तो ऑफिसला गेला. दिवसभर तसाच बसला असणार. संध्याकाळी आला तेव्हाही गाल तसाच होता. फाटकाची कडी त्याने पुन्हा काढून ठेवली होती.

५

पुढच्या संध्याकाळी तो फरशीच्या वाटेवर होता. त्याच्या पुढच्या संध्याकाळी ओट्याच्या पायरीशी. चालताना तो कधी दिसला नाही. पापणी लवायची, दोरा हलायचा, आणि तो जवळ असायचा, नेहमी पाठमोरा. जणू कोणीतरी त्याला उलटा चालवत आणत होतं.

मीनाने खोलीतला दिवा लावणं बंद केलं. जयरामने विचारलं तर म्हणायची, डोळ्याला उजेड सोसत नाही. जंत दिसतो का विचारलं तर म्हणायची, नाही, गेला वाटतं. जयराम बॅटरी घेऊन बघायला यायचा तोवर तो खरंच मागे सरकलेला असे. खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती, पण जमत गेलं.

ओट्यावर तो आला त्या दिवशी तिला पहिल्यांदा आवाज ऐकू आला.

खिडकीचं एक तावदान उघडं होतं. बाहेर रस्त्यावर एखादी सायकल, लष्कराचा एखादा ट्रक, लांब गाडीची शिट्टी. त्या सगळ्याच्या अलीकडे, अगदी जवळ, काहीतरी करकरलं. थांबलं. पुन्हा करकरलं. न धुतलेलं, खळीचं कोरं कापड असतं ना, ते घडीतून उलगडताना असा आवाज करतं. तिला तो आवाज माहीत होता. कुठे ऐकला होता तेही माहीत होतं. ते नाव तिने मनात येऊ दिलं नाही. राजूला इस्त्रीचे शर्ट आवडायचे, तिने स्वतःला सांगितलं. कडक इस्त्रीचे.

पेट्याने खाणं टाकलं होतं. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी नुसता वास घेऊन पडून राहायचा. संध्याकाळ झाली की पलंगाखाली अगदी भिंतीला चिकटायचा.

"बाई," ठमाबाई एकदा हळूच म्हणाली, "ते जित्राब हाय अजून डोळ्यात. मला दिसतंय रोज. साहेबांना का नाय सांगत?"

"सांगेन."

"डोळा जाईल वं."

"सांगेन म्हटलं ना! तू तुझं काम कर."

ठमाबाईने मान हलवली, काम केलं, आणि जाताना रस्त्यात भेटलेल्या जयरामला सांगून टाकलं.

त्या रात्री त्यांचं भांडण झालं नाही. भांडणासाठी लागतो तेवढा जोर जयरामकडे उरला नव्हता. तो पलंगाच्या कडेवर बसून म्हणाला, "उद्या मी लवकर निघतो. रिक्षा घेऊनच येतो, दिवेलागणीला. डॉक्टर थांबणार आहेत, रात्रभर लागलं तर रात्रभर. तो वर येईपर्यंत तिथेच बसायचं." मग थोड्या वेळाने, "एक गेला. आता तू आंधळी होऊन बसलीस तर मी कोणाकडे बघू?"

मीनाकडे एक संध्याकाळ उरली होती, आणि तीही अर्धी.

६

दुसऱ्या दिवशी तिने शाळेतून लवकर सुटी घेतली. ठमाबाईला येऊ नको म्हणून सांगितलं. पुढचं दार उघडून ठेवलं.

ओट्यावर येऊन तो थांबला होता, दोन संध्याकाळी तिथेच. पुढे येत नव्हता, वळत नव्हता. का ते तिने रात्रभर विचार करून काढलं होतं. इतकं उघड होतं की आधी सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं. राजू घरात आला की आधी कोणाला हाक मारायचा? पेट्या दारात नसेल तर तो तरी कशाला वळेल?

तिने पलंगाखाली हात घातला. पेट्याने पंजे रोवले. एवढ्या दिवसांच्या उपासाने त्याच्यात ताकद उरली नव्हती, तरी त्याने ओढ खाल्ली, आणि ज्या हाताने त्याला पिल्लू असताना बोंडल्याने दूध पाजलं होतं त्या हाताला तो एकदा चावलाही, फार जोरात नाही. मीनाने त्याला ओढून बाहेर काढलं. वाळत घालायची दोरी त्याच्या पट्ट्यात ओवली आणि खोलीच्या मधोमध, दाराच्या समोर, लाकडी खुर्चीच्या पायाला बांधली. मग त्या खुर्चीवर ती स्वतः बसली, खुर्ची हलू नये म्हणून.

"थोडाच वेळ," ती त्याला म्हणाली. "येतोय तो."

उन्हं गेली. दारातून दिसणारी वाट करडी झाली. उजव्या डोळ्यात, बुबुळाच्या अगदी कडेशी, काहीतरी सरकलं.

कापड करकरलं. ओट्यावर नव्हे, उंबऱ्यात.

तो पाठमोरा आत आला. तिने श्वास धरून ठेवला. तो तिच्यापासून हातभर अंतरावरून सरकला तेव्हा वास आला तो द्राक्षांच्या पेटीत घालतात त्या कागदाचा, थोडा गंधकाचा, थोडा गोड, आणि त्याच्या खाली दुसरा एक. तिने हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही, फक्त बोटं गार पडली.

"राजू," ती म्हणाली. "इकडे बघ. आईकडे बघ एकदा."

तो थांबला नाही. तिच्यासाठी थांबण्याचा त्याचा विचारच नव्हता, हे तिला त्या क्षणी कळलं. पाठ तिच्याकडेच ठेवून तो खुर्चीला वळसा घालून गेला, जसा माणूस वाटेतल्या कुठल्याही खुर्चीला घालतो. एवढ्या संध्याकाळी तो तिच्याकडे येत नव्हता. तिच्यातून येत होता.

पेट्या ओरडत होता. तो भुंकण्याचा आवाज नव्हता, कुत्र्याचाही वाटत नव्हता. दोरी ताठ झाली, खुर्ची तिच्यासकट इंचभर सरकली. मग राजू खाली बसला, पांढरा, पाठमोरा, पलंगाखाली हात घालताना बसायचा तसा उकिडवा. आणि पेट्यासमोर त्याने मान वर केली.

ओरडणं तिथेच थांबलं.

पांढऱ्या खांद्यावरून मीनाला पेट्याचे डोळे तेवढे दिसले. ते पूर्ण उघडे होते, आणि त्यांतल्या एकात, काळ्यावरून पांढऱ्यावर, एक बारीक दोरा सरकत गेला.

तिची पापणी लवली. तिला लववायची नव्हती.

खोली रिकामी होती. उजव्या डोळ्यात केस नव्हता, दोरा नव्हता, काही नव्हतं. इतकं स्वच्छ तिला कित्येक दिवसांत दिसलं नव्हतं. भिंतीवरचं कॅलेंडर, खिळा, खिळ्याखालचा पोपडा. बुद्धाच्या मूर्तीपुढे ती सकाळी लावून विसरलेल्या मेणबत्तीचं बुडखं. सगळं नीट, जागच्या जागी.

७

जयराम आला तेव्हा बाहेर रिक्षा सुरूच होती. तो घाईने ओटा चढला. "चल, आवरलंस का? अंधारात का बस—"

दारातच तो थांबला. भिंत चाचपून त्याने दिवा लावला.

पेट्या समोरच्या भिंतीपाशी होता. दोरी पुरली तिथपर्यंत तो गेला होता आणि भिंतीकडे तोंड करून बसला होता, नाक भिंतीला टेकवून. कापत नव्हता. कण्हत नव्हता. नुसता बसला होता. मीनाने हाक मारली होती, दूध पुढे सरकवलं होतं, मान धरून वळवायचा प्रयत्न केला होता. तो चावला नाही. मान वळवू दिली, आणि हात काढताच पुन्हा भिंतीकडे वळला. डोळे त्याने घट्ट मिटून घेतले होते.

"डोळा बरा झाला," मीना म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "निघून गेला तो. आता डॉक्टरकडे जायला नको."

जयराम तिच्याकडे बघत नव्हता. तो कुत्र्याकडे बघत होता. मग त्याने दोरी पाहिली. दोरीचं एक टोक पट्ट्यात, एक खुर्चीला. खुर्चीचं तोंड दाराकडे. उघडं दार.



"यालाही दाखवलंस?" तो म्हणाला.

"काय दाखवलं?"

"मी तुला नको म्हणालो होतो ना." त्याचा आवाज चढला नव्हता. तो थकलेला होता, आणि त्यात प्रथमच तिच्यावरचा राग होता, जुना, वर्षभर दाबलेला. "हौस नव्हती मला. एकाने पाहिलं होतं तेवढं पुरे होतं. तेवढ्यासाठी मी तुझं सगळं ऐकून घेतलं. वर्षभर."

तो खाली बसला, गाठ सोडली, दोरी बाजूला टाकली. पेट्या हलला नाही. जयराम त्याच्या शेजारी सरकला, मांडी घातली, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून स्वतःही भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचं कपाळ भिंतीला टेकलं.

त्याला असं बसलेलं मीनाने एकदाच पाहिलं होतं. ओळख पटवून आला त्या दिवशी, स्वयंपाकघरात, गॅसच्या कट्ट्याखाली. घर माणसांनी भरलं होतं आणि हा भिंतीकडे तोंड करून बसला होता. डोळ्यातून टिपूस नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, दगड आहे हा माणूस. ते तिने त्याला बोलूनही दाखवलं होतं, चारचौघांत.

"अहो," ती म्हणाली. "मला सांगा. काय होतं ते. कसा दिसत होता, एवढंच सांगा."

जयरामने नुसती मान हलवली. नाही.

"मी त्याची आई आहे."

पुन्हा तशीच मान हलली. त्याचा हात कुत्र्याच्या मानेवरून सावकाश फिरत राहिला, केसांच्या दिशेने, आणि कुत्रा थोडा त्याच्याकडे कलला. त्या दोघांना एकमेकांशी बोलायची गरज नव्हती.

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. थोडं थांबून पुन्हा दिला. मग त्याने काहीतरी पुटपुटत रिक्षा वळवली आणि आवाज लॅम रोडच्या दिशेने लांब गेला. मीना खुर्चीपाशी उभी होती. दोन्ही डोळ्यांनी तिला आता लख्ख दिसत होतं, आणि समोर दिसायला त्या दोघांच्या पाठी होत्या.